चार बाय सहाची ताडपत्री

ताडपत्री आपल्याला नवी नाही. पावसाच्या तोंडावर ती कांद्याच्या चाळीवर चढते, ट्रकवर ताणली जाते, गणपतीच्या मांडवाला तर हवीच. पुरानंतर जगभर वाटली जाणारी ताडपत्री मात्र ठरलेल्या मापाची असते: रेड क्रॉसची चार मीटर बाय सहा मीटर. बेघर झालेल्या कुटुंबाला निवाऱ्याचा जो संच देतात त्यात अशा दोन ताडपत्र्या असतात. सोबत दोर, तार, खिळे, हातोडी, करवत, फावडं.

दोनच का, हा हिशेब करून बघण्यासारखा आहे. आपत्तीत माणशी निदान साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा मिळावी, असं ‘स्फिअर’ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. पाच माणसांच्या घराला साडेसतरा. एक ताडपत्री चोवीस चौरस मीटर भरते, म्हणजे कागदावर एकीत भागलं. पण छप्पर उतरतं बांधायचं, वाऱ्याच्या बाजूला आडोसा करायचा, बायकांना कपडे बदलायला कोपरा हवा, असं म्हणत गेलं की एकीत काही भागत नाही.

पूरग्रस्तांना मदत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अशा वस्तूच येतात. ताडपत्री, बिस्किटं, घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर. वस्तू मिळवणं हे त्यातलं तुलनेनं सोपं काम. खरी अडचण नंतरची: ही ताडपत्री कुठल्या जमिनीवर बांधायची आणि किती दिवसांसाठी? आफ्रिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः मोझांबिक आणि मलावीत, गेली पंचवीस वर्षं हाच प्रश्न दर दोन-चार वर्षांनी नव्याने उभा राहतो आहे.

उताराच्या टोकाला

मोझांबिक आपल्याला वाटतो तितका परका देश नाही. पोर्तुगीजांच्या काळात, १७५२ पर्यंत, त्याचा कारभार गोव्यातून चालायचा. आजही आपल्या वरणातली तूर कधीकधी तिथून आलेली असते. २०१६ साली भारताने त्या देशाशी तूर आयातीचा करारच केला. तर त्या मोझांबिकचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सुमारे अडीच हजार किलोमीटरचा किनारा, आणि त्या किनाऱ्याकडे पश्चिमेच्या डोंगराळ देशांतून उतरत येणाऱ्या नद्या: झांबेझी, लिंपोपो, सावे, बूझी, पुंग्वे. शेजाऱ्यांशी वाटून घेतलेली नऊ नदीखोरी या एका देशात आहेत आणि बहुतेकांच्या अगदी शेवटच्या टोकाला तो बसला आहे.

कोयनेतून किती सोडलं आणि अलमट्टीने किती अडवलं, यावर सांगलीकरांचा जीव कसा टांगणीला लागतो ते आपण जाणतो. तिथे दोन राज्यं आहेत, इथे सार्वभौम देश. झांबेझीवर वर झांबिया आणि झिम्बाब्वेच्या सीमेवर करिबा धरण, खाली मोझांबिकच्या हद्दीत काहोरा बासा. लिंपोपोचं पाणी दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना आणि झिम्बाब्वेतून येतं. वरच्या देशात दोन दिवस धो धो पाऊस पडला, की खालच्या गावात लख्ख ऊन असतानाही पाणी चढतं. त्यात भर समुद्राची. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडचा पावसाळा, आणि त्याच महिन्यांत मादागास्कर ओलांडून चक्रीवादळं येतात. नदी फुगलेली असतानाच समुद्रही चढला, तर पाण्याला जायला वाट राहत नाही.

२००० सालच्या फेब्रुवारीत हेच झालं. आधीच तुडुंब भरलेल्या लिंपोपोच्या खोऱ्यावर ‘एलिन’ नावाच्या वादळाने आणखी पाऊस ओतला. मोझांबिकमध्ये सातशेच्या आसपास माणसं गेली. पाण्याने वेढलेल्या एका झाडावर एक बाई बाळंत झाली आणि दक्षिण आफ्रिकेच्या हेलिकॉप्टरने मायलेकींना उचलून घेतलं. ते दृश्य जगभरच्या टीव्हीवर दिसलं. त्या हेलिकॉप्टरांनी त्या दिवसांत चौदा हजारांहून जास्त माणसं वाचवली. मात्र झाडावरच्या जन्माची बातमी जगाला जेवढी आठवते, तेवढी त्या पुरानंतरची दोन वर्षं कुणाला आठवत नाहीत.

वारा गेला, मग पाणी आलं

इडाई हे वादळ नीट समजून घेतलं तर बाकी सगळं समजतं, म्हणून तिथे जरा थांबू.

मार्च २०१९ च्या सुरुवातीला ते मोझांबिक आणि मलावीवर एकदा बरसून गेलं होतं. मग माघारी समुद्रात गेलं, तिथे ताकद कमावली आणि १४ मार्चच्या रात्री बेइरा या बंदराच्या शहरावर ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाने आदळलं. पाच लाखांवर वस्तीचं शहर. वीज गेली, फोन गेले, मुख्य रस्ता तुटला. शहराचा ९० टक्के भाग मोडला किंवा नुकसान होऊन बसला, असा रेड क्रॉसच्या पहिल्या पाहणीचा अंदाज होता. सकाळी लोक पत्रे गोळा करायला बाहेर पडले. छप्पर गेलं पण जीव वाचला, असं त्यांना वाटलं असणार.

पण डोंगरांवर, झिम्बाब्वेच्या चिमानिमानी आणि चिपिंगे भागांत, त्याच वादळाने प्रचंड पाऊस ओतला होता. तिकडे दरडी कोसळल्या, झोपेतली माणसं दगडधोंड्यांखाली गेली. आणि ते पाणी बूझी आणि पुंग्वेमधून खाली निघालं. ते बेइराच्या आजूबाजूच्या सखल मुलखात पोहोचायला काही दिवस लागले. वारा थांबल्यावर तिथल्या गावांत पाणी चढतच गेलं. उपग्रहाच्या चित्रांत दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त पाणथळ दिसत होतं. जमिनीवर समुद्र, असंच लोक त्याला म्हणू लागले. लोक झाडांवर, छपरांवर, शाळांच्या गच्च्यांवर. वादळाचा इशारा बहुतेकांनी ऐकला होता. वाऱ्यानंतर चार दिवसांनी नदी दाराशी येईल, हे त्यांना नेमक्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. वाऱ्याचा इशारा आणि पाण्याचा इशारा वेगळे, हा धडा त्या वेळी फार महाग पडला. तिन्ही देशांत मिळून हजाराहून अधिक बळी गेले, त्यातले सहाशेवर मोझांबिकमध्ये.

सुटका कुणी केली? आधी मच्छीमारांनी. बूझी गावातून माणसांनी खच्चून भरलेल्या होड्या बेइराच्या प्राया नोव्हा नावाच्या वाळूवर येऊन लागत होत्या. त्यानंतर जी परदेशी मदत सगळ्यात आधी बंदरात शिरली, त्यात आपली जहाजं होती: नौदलाची ‘सुजाता’ आणि ‘शार्दूल’ आणि तटरक्षक दलाचं ‘सारथी’. ती हिंदी महासागरात प्रशिक्षणाच्या फेरीवर होती, तिथून वळवली. त्यांनी बूझीच्या बाजूने १९० हून अधिक लोकांना बाहेर काढलं आणि वैद्यकीय शिबिरांत तेराशेवर रुग्ण तपासले. आकडा मोठा नाही. पण पहिल्या तीन दिवसांतला एक माणूस आणि तिसऱ्या आठवड्यातला एक माणूस यांचा हिशेब सारखा नसतो.

कोण काय बघतं

मग विमानतळावर गर्दी झाली. बेइराचा विमानतळ बऱ्यापैकी उभा होता, म्हणून सगळ्यांचं कार्यालय तिथेच थाटलं गेलं. मोझांबिक सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था, संयुक्त राष्ट्रांच्या शाखा, रेड क्रॉस, डॉक्टरांच्या संघटना, सैन्याची पथकं. जो तो आपापली यादी घेऊन. एका गावाला तीनदा बिस्किटं आणि पलीकडच्या गावाला काहीच नाही, असं अशा वेळी हमखास होतं.

हे टाळायला २००५ पासून ‘क्लस्टर’ नावाची रचना वापरात आहे. नाव भारदस्त आहे, कल्पना साधी: कामं वाटून घ्या आणि प्रत्येक कामाला एक उत्तरदायी ठेवा. पाणी आणि स्वच्छतेचं युनिसेफ बघेल, आरोग्याचं जागतिक आरोग्य संघटना, सामानाची ने-आण आणि दळणवळण जागतिक अन्न कार्यक्रम, नैसर्गिक आपत्तीत निवाऱ्याचं रेड क्रॉसचा महासंघ, छावण्यांचं स्थलांतरविषयक संघटना. लग्नघरात पंगतीचं कुणी बघायचं आणि मानपानाचं कुणी, हे आधी ठरवतात तसंच. काम ज्याच्याकडे आहे त्याने सगळं स्वतः करायचं नाही, कुणाकडून राहिलं ते मात्र शोधायचं.

ही रचना चांगली आहे, पण तिची एक खोड आहे. बैठका इंग्रजीत होतात. मोझांबिकचा सरकारी कारभार पोर्तुगीजमध्ये चालतो आणि बेइरा ज्यात येतं त्या सोफाला प्रांतातल्या खेड्यात सेना किंवा न्दाऊ बोलतात. ज्या बाईच्या शौचालयाची चर्चा चालली आहे, तिच्यापर्यंत ती चर्चा तीन भाषा ओलांडून पोहोचते. माझ्या मते ‘समन्वय’ या शब्दाखाली जेवढे घोळ लपतात, त्यातले निम्मे इथले असतात.

पाण्यातून सुटलेले, पाण्यानेच आजारी

छावणीत पहिली भीती भुकेची नसते, हगवणीची असते. स्फिअरचे आकडे इथे कामाला येतात: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, एका नळावर अडीचशेपेक्षा जास्त माणसं नकोत, २० माणसांमागे एक शौचालय. सुरुवातीच्या गोंधळात ५० मागे एक चालवून घेतात. हे आकडे वाचताना कोरडे वाटतात. पण पंधरा लिटर म्हणजे आपल्या घरची एक बादली. त्यात पिणं, रांधणं, अंग धुणं, बाळाचे लंगोट.

बेइरात २७ मार्चला कॉलऱ्याचे पहिले रुग्ण निश्चित झाले, वादळानंतर दोन आठवड्यांच्या आत. जागतिक साठ्यातून सुमारे नऊ लाख लशींचे डोस २ एप्रिलला तिथे उतरले, आणि दुसऱ्या दिवशी तोंडाने द्यायची ती लस टोचणीशिवाय, रांगा लावून द्यायला सुरुवात झाली. आठ लाखांवर लोकांना ती मिळाली. साथीत ६,७०० च्या वर रुग्ण झाले. मृत्यू नोंदले गेले ते आठ. मदतीच्या कामात असं यश क्वचित हाती लागतं, म्हणून ते मुद्दाम सांगायला हवं. त्याच्या शेजारी मलावीचा आकडा ठेवा. २०२२ च्या मार्चपासून तिथे कॉलरा पसरला, त्यातच पूर आणि वादळं आली, आणि ती साथ त्या देशाच्या इतिहासातली सर्वांत भयंकर ठरली: सतराशेहून अधिक मृत्यू. जंतू तोच. फरक पडला तो रुग्णापर्यंत मीठ-साखरेचं पाणी आणि सलाईन किती वेळात पोहोचलं याने.

मोझांबिकमध्ये घरगुती पाणी शुद्ध करायला क्लोरीनच्या छोट्या बाटल्या मिळतात. ‘सर्तेझा’ हे त्यातलं ओळखीचं नाव, अर्थ ‘खात्री’. पण पोर्तुगीजमध्ये क्लोरीन म्हणजे ‘क्लोरो’ आणि कॉलरा म्हणजे ‘कोलेरा’. देशाच्या उत्तरेकडे, नाम्पुला आणि काबो देल्गादोकडे, या दोन शब्दांच्या सारखेपणातून एक जुनी अफवा वर्षानुवर्षं जिवंत आहे: सरकारची माणसं विहिरीत कॉलरा टाकतात. विहिरीत औषध टाकणाऱ्या आरोग्यसेवकांवर त्यापायी हल्ले झालेले आहेत. हसण्यावारी नेऊ नका. सरकार एरवी कधी फिरकत नाही, आणि साथ आली की एकदम गणवेशातली माणसं येऊन विहिरीत काहीतरी ओततात, दोन दिवसांनी गावात माणसं मरतात. गावकऱ्याने या दोन गोष्टींचा काय संबंध लावावा? एप्रिल २०२४ मध्ये नाम्पुलाच्या किनाऱ्यावर कॉलऱ्याच्या अफवेने घाबरलेले लोक एका मासेमारीच्या बोटीत दाटीवाटीने चढले आणि पळू लागले. बोट उलटली. नव्वदहून अधिक मेले, त्यांत कितीतरी मुलं. लशीच्या खोक्याबरोबर गावातला, गावाची भाषा बोलणारा, गावाला ठाऊक असलेला माणूस आला नाही तर लस अर्धीच पोहोचते.

धान्य, गिरणी आणि बियाणं

तिकडचं रोजचं जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिमा. सोबत भाजी, सुकी मासळी नाहीतर घेवड्याची उसळ. इडाई आलं ते मका काढणीच्या ऐन तोंडावर. सात लाख हेक्टरहून अधिक पीक पाण्याखाली गेलं. घरातला साठा भिजला आणि शेतातलं पीक कुजलं. म्हणजे आजची भूक आणि पुढच्या वर्षाची भूक एकाच दिवशी आली.

मदत म्हणून मक्याचे दाणे दिले तर ते दळायचे कुठे? गिरणीला वीज नाही, डिझेल नाही. पीठ दिलं तर दळण वाचतं, पण पीठ लवकर खराब होतं, दमट हवेत तर हमखास. म्हणून पहिल्या दिवसांत हेलिकॉप्टरमधून जाड पौष्टिक बिस्किटं टाकतात, ज्यांना शिजवावंही लागत नाही. मग रस्ते सुरू झाले की धान्य, डाळी आणि तेल. मग बाजार जरा उभा राहिला की रोख रक्कम किंवा दुकानात वटणारी कुपनं.

रोख द्यावी की वस्तू, यावर मदत संस्थांत वर्षानुवर्षं वाद झाले. हल्ली कल रोखीकडे आहे, आणि ते बरंच आहे. कुणाला पत्रा हवा असतो, कुणाला मुलाची वही, कुणाला औषध. ते त्याचं त्याला कळतं. पण रस्ता तुटलेला असताना गावात पैसे वाटले तर दुकानातल्या चार गोण्यांचा भाव तेवढा चढतो. पैसा कधी आणि धान्य कधी, हे बाजारात जाऊन बघूनच ठरतं. आणि नको असलेली वस्तू कुठेच देऊ नये. त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पुरानंतर जुन्या कपड्यांचे जे ढीग पडले, ते ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळं सांगायला नको.

इडाईनंतर एक गोष्ट वेळेत झाली ती बियाण्याची. पूर ओसरल्यावर नदीकाठी ओल टिकते, आणि एप्रिल-मे मध्ये तिथे दुसरी पेरणी करता येते. त्या मुदतीत मक्याचं, घेवड्याचं आणि भाजीपाल्याचं बी आणि कुदळी वाटल्या तर घर चार-पाच महिन्यांत काहीतरी स्वतःचं खातं. महिनाभर उशीर झाला की तेच बी निरुपयोगी. पेरणीचे दिवस कार्यालयाच्या मंजुरीसाठी थांबत नाहीत, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला तरी कुणी शिकवायला नको.

वाटपाच्या यादीत नाव घालणं कुणाच्या हाती असतं, हाही प्रश्न आहेच. बहुतेक ठिकाणी गावचा पुढारी यादी करतो. इडाईनंतर काही पुढाऱ्यांनी धान्याच्या बदल्यात बायकांकडे पैसे, आणि पैसे नसतील तर शरीरसंबंध मागितल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनेने उघड केल्या. त्यानंतर तक्रारींसाठी १४५८ हा मोफत फोन क्रमांक सुरू झाला. ज्यांचे फोनच वाहून गेले होते, त्यांच्यासाठी छावणीत बसून ऐकून घेणारी माणसं ठेवावी लागली.

निर्वासित नव्हे, विस्थापित

आपली वर्तमानपत्रं हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. कायद्यात ते वेगळे आहेत. छळाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडून गेलेला तो निर्वासित. त्याच्यासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. पुरामुळे घर सोडून स्वतःच्याच देशात राहिलेला तो विस्थापित. त्याची जबाबदारी त्याच्या सरकारची, आणि सरकारच गरीब असेल तर ती जबाबदारी कागदावर राहते. आफ्रिकी देशांनी मात्र याबाबत जगाच्या एक पाऊल पुढे टाकलं. २००९ मध्ये कंपाला इथे झालेला आणि २०१२ पासून लागू झालेला त्यांचा करार देशांतर्गत विस्थापितांना कायदेशीर संरक्षण देतो, आणि त्यात नैसर्गिक आपत्तीने घर गेलेलेही येतात.

प्रत्यक्षात या दोन रेषा एकमेकींत गुंततात. झिम्बाब्वेच्या चिपिंगे भागात तोंगोगारा नावाची निर्वासितांची छावणी आहे. तिथली घरंही इडाईने पाडली. काबो देल्गादोत २०१७ पासून सशस्त्र हिंसाचार चालू आहे. तिथून पळालेले लोक जिथे ताडपत्रीखाली बसले होते, तिथे २०२४ च्या डिसेंबरात शिडो वादळ आलं. यादीत त्यांना कुठल्या रकान्यात लिहायचं?

मलावीची गोष्ट निराळी. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्रेडी हे वादळ महिन्याभराहून जास्त काळ हिंदी महासागरात फिरत राहिलं, आणि जगात सर्वाधिक टिकलेलं उष्ण कटिबंधीय वादळ म्हणून नोंदलं गेलं. ब्लांटायर शहराच्या डोंगरउतारावर चिलोब्वे वस्तीत चिखलाचे लोट घरांवर आले. देशात साडेसहा लाखांहून जास्त लोक बेघर झाले. सैन्याच्या शोधपथकांइतकेच शेजारीपाजारी फावडी घेऊन खणत होते. बेघर लोक गेले कुठे? शाळांत. पक्की भिंत आणि पक्का पत्रा तेवढा तिथेच. दिवसा बाकं भिंतीला लावायची आणि रात्री वर्गभर माणसं. त्यामुळे पूरग्रस्तांची मुलं शिकत नाहीत आणि पूर न आलेल्या घरांचीही शिकत नाहीत. महिना उलटला की शिक्षक आणि पालक म्हणू लागतात, वर्ग रिकामे करा. कुणाचं चुकतं? वर्गातून उठवलेल्या कुटुंबाला जायला दुसरी जागा नसते.

परत खालीच का जातात?

हा प्रश्न बाहेरून आलेला प्रत्येक माणूस विचारतो, बहुतेकदा जरा वैतागून. दर काही वर्षांनी पूर येतो, सरकार उंचावर जागा देतं, तरी हे लोक नदीकाठी परततात. शहाणपण कसं येत नाही?

त्याचं उत्तर मशांबात आहे. मशांबा म्हणजे कुटुंबाचं छोटं शेत. नदीचा गाळ दर पुराबरोबर येतो, म्हणून काठची जमीन खत न घालता पिकते. उंचावरची रेताड. पुनर्वसन वसाहतीत प्लॉट मिळतो, त्यावर खुंट्या ठोकून दिलेल्या असतात, कधी विटांचं घर. पण शेत पाच-दहा किलोमीटर खाली, मासे खाली, पाणी खाली. इडाईनंतर सोफाला आणि शेजारच्या प्रांतांत मिळून अशा सत्तरच्या आसपास वसाहती उभ्या राहिल्या; बूझीच्या लोकांसाठी ग्वारा-ग्वारा ही त्यांतली एक मोठी. सुरुवातीला तिथे ताडपत्र्यांच्या रांगाच रांगा होत्या. त्या ताडपत्र्या उन्हाने विरून जाईपर्यंत, म्हणजे साधारण दोन पावसाळ्यांत, बरीच घरं मातीची, कुडाची होत गेली. काही कुटुंबं कायमची खाली गेली. पुष्कळांनी मधला मार्ग काढला: म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं वर, कर्ती माणसं पेरणी-कापणीला खाली, तिथे एक झोपडी. मदत संस्थेच्या मोजणीत हे ‘रिकामं घर’ म्हणून लागतं.

ही दुहेरी घरांची सोय हुशारीची आहे, फक्त तिला वेळेवर इशाऱ्याची जोड हवी. मोझांबिकने तिथे खरंच काम केलं आहे. गावोगावी स्थानिक समित्या आहेत, त्यांच्याकडे रेडिओ, भोंगा, सायकल आणि झेंडे. निळा झेंडा म्हणजे वादळ एक-दोन दिवसांवर, पिवळा म्हणजे चोवीस तासांच्या आत, लाल म्हणजे सहा तासांच्या आत. २०१३ च्या जानेवारीत लिंपोपो पुन्हा चढली तेव्हा शोक्वे हे शहर जवळपास रिकामं झालं. लोक शियाकेलाने नावाच्या त्याच उंचवट्यावर गेले, जिथे ते २००० साली गेले होते. त्या वेळी शोक्वेची घरं बुडाली, पण मृतांचा आकडा २००० च्या मानाने फार खाली राहिला.

आता तर वादळ येण्याआधीच पैसे सोडण्याची पद्धत रूढ होते आहे. अंदाज ठरावीक पातळीच्या वर गेला, की रेड क्रॉससारख्या संस्थेचा निधी बैठक न घेता मोकळा होतो. वादळाआधीच्या दोन-तीन दिवसांत छपरं बांधायला दोर आणि खिळे वाटले जातात, क्लोरीन पोहोचतं. अंदाज चुकला तर पैसे वाया गेले, अशी टीका होते. दोर मात्र पुढच्या वादळाला कामी येतोच.

मोठा पैसा मात्र नेहमीसारखा उशिरा आणि तोकडा. इडाईनंतर पुनर्बांधणीला ३२० कोटी डॉलर लागतील असा हिशेब निघाला. ३१ मे २०१९ ला बेइरातच देणगीदार देशांची परिषद भरली, तिथे १२० कोटींची आश्वासनं मिळाली. आश्वासनं, रोख वेगळी. दरम्यान नाणेनिधीने सुमारे १२ कोटी डॉलर दिले ते कर्ज म्हणून, बिनव्याजी असलं तरी कर्जच. ज्या देशाचा तापमानवाढीत वाटा नगण्य, आणि जो आधीच दोनशे कोटी डॉलरच्या लपवलेल्या कर्जांच्या घोटाळ्यातून सावरत होता, त्याला वादळानंतर उधारी दिली गेली. मला ही गोष्ट अजून गळी उतरत नाही.

मे २०१९ मध्ये बूझीच्या काठावर लोक परत पेरत होते. गाळ अजून ओला होता, कडेच्या झाडांवर पुराच्या पाण्याची रेघ माणसाच्या डोक्याच्या वर दिसत होती. पेरणी आटोपली की ते संध्याकाळी ताडपत्रीकडे चालत निघत. कुदळ तेवढी तिथेच शेतात, झोपडीच्या आढ्याला टांगून.